एकादशीच्या दिवशीची मुलाखत: दांडिया बाजारातील एका संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

१३ डिसेंबर २०१७ रोजी बुधवार होता, मार्गशीर्ष वद्य एकादशी होती आणि गुजरात विधानसभेच्या दुसऱ्या टप्प्याच्या मतदानाला एकच रात्र उरली होती. या टप्प्यात उत्तर व मध्य गुजरातमधील ९३ जागा होत्या आणि बडोदे शहराच्या पाचही जागा त्यांत येत होत्या. जाहीर प्रचार आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता संपला होता. (गुजराती वर्तमानपत्रे अशा वेळी ‘प्रचारना पडघम शांत’ असे छापतात आणि मराठी वर्तमानपत्रे ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ असे, आम्ही बडोदेकर दोन्ही वाचतो, त्यामुळे आमच्याकडे नगारेही थांबतात आणि तोफाही.) या शांततेत, दोनच दिवसांपूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बिनविरोध निवड जाहीर झालेल्या राहुल गांधी यांची मुलाखत काही गुजराती वाहिन्यांवर दाखवली गेली. भारतीय जनता पक्षाने तक्रार केली. निवडणूक आयोगाने त्याच दिवशी राहुल गांधींना नोटीस काढून १८ डिसेंबरच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर मागितले आणि मुलाखत दाखवणाऱ्या वाहिन्यांवर गुन्हे नोंदवावेत, असे गुजरातच्या निवडणूक यंत्रणेला कळवले.

राष्ट्रीय नेत्याची मुलाखत झाली म्हणजे तो काय बोलला, कसा बोलला, कुठे अडखळला यावर लोक तुटून पडणार, अशी आपली समजूत असते. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या आत्याच्या घरी त्या संध्याकाळी जमलेल्या आठ-नऊ माणसांत ‘तो काय म्हणाला’ यावर पाच मिनिटेही बोलणे झाले नाही. ‘तो आजच का बोलला’ यावर मात्र रात्री साडेदहापर्यंत झाले. त्या रात्री आणि पुढच्या पाच दिवसांत मी वहीत जे उतरवून ठेवले, त्यावर हे टिपण आधारलेले आहे. आठ-नऊ माणसे म्हणजे बडोदे नव्हे आणि दांडिया बाजारातली मराठी माणसे म्हणजे तर मुळीच नव्हे, हे मला कबूल आहे. पण एकच प्रश्न पाच दिवसांत कशी कूस बदलत जातो, हे एका दिवाणखान्यात जितके स्वच्छ दिसते तितके चौकात दिसत नाही.

घर जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. आत्या निवृत्त शिक्षिका. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला. नातू महाराजा सयाजीराव विद्यापीठात वाणिज्य शाखेला, आणि उद्याचे मतदान हे त्याच्या आयुष्यातले पहिले. वहिनी सरकारी शाळेत शिकवत असल्यामुळे निवडणुकीच्या कामावर होत्या आणि यंत्रे ताब्यात घेऊन दुपारीच आपल्या केंद्रावर गेल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे काका न्यायमंदिरातल्या कचेरीत उभी हयात कारकुनी करून निवृत्त झालेले. कायद्याचे कलम तोंडपाठ असले तरी पुस्तक उघडल्याशिवाय बोलायचे नाही, हा त्यांचा बाणा. समोरचे कापड दुकानदार शेठ गुजराती, परंतु चाळीस वर्षांच्या शेजारामुळे मराठी पुरते समजणारे. एरवी त्या महिन्यात या खोलीत राजकारणाला जागा नव्हती, कारण फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरायचे होते आणि कोणाकडे कोण पाहुणे उतरणार याच्या याद्या आत्याच्या टेबलावर पसरलेल्या असत. त्या संध्याकाळी याद्या बाजूला सरकल्या आणि तिथे साबुदाण्याच्या खिचडीचे पातेले आले.

काकांनी खाली येतानाच लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम १२६ ची छायाप्रत आणली होती. मतदान संपण्याच्या घटकेपूर्वीचे ४८ तास मतदान क्षेत्रात सभा-मिरवणुका घेता येत नाहीत आणि चलच्चित्र, दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनाने ‘निवडणूकविषयक बाब’ लोकांना दाखवता येत नाही. निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा या हेतूने केलेली कोणतीही गोष्ट म्हणजे निवडणूकविषयक बाब. आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. काकांनी हे वाचून दाखवले तेव्हा खोलीत कोणालाच ते नवे वाटले नाही, आणि त्याचे कारण बडोद्याचेच आहे. ३० एप्रिल २०१४ रोजी गुजरातच्या सगळ्या लोकसभा मतदारसंघांत मतदान चालू असताना, बडोद्याचे उमेदवार असलेले नरेंद्र मोदी अहमदाबादेत मत देऊन बाहेर आले, हातात कमळाचे चिन्ह धरून वाहिन्यांशी बोलले, आणि आयोगाने याच कलमाखाली गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या दिवशी आमचे मतदान चालू होते. त्यामुळे १२६ हा आकडा दांडिया बाजाराला तेव्हापासून ओळखीचा आहे, जसा काही घरांना आयकराच्या कलमाचा आकडा ओळखीचा असतो.

इथे थोडे मागे जाऊन आणखी एका मुलाखतीची आठवण द्यावी लागते, कारण तुलना तिच्याशीच होते. २७ जानेवारी २०१४ रोजी एका इंग्रजी वाहिनीवर राहुल गांधींची प्रदीर्घ मुलाखत झाली होती. २००४ मध्ये राजकारणात आल्यापासून अशा औपचारिक मुलाखतीला ते प्रथमच बसले होते, असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले. निवडणुका जाहीर व्हायच्या होत्या, कसलीही बंदी नव्हती, आणि या खोलीतली माणसे तेव्हा फक्त शब्दांवर बोलली होती. व्यवस्था, माहितीचा अधिकार, महिलांचे सक्षमीकरण हे शब्द किती वेळा आले याची मोजदाद करण्याचा चावट खेळ माझ्या आतेभावाने चालवला होता. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात काही काँग्रेसजनांचा सहभाग बहुधा असावा, असे त्यांनी त्या मुलाखतीत म्हटल्यावर दिल्लीत काँग्रेस मुख्यालयाबाहेर शिखांनी निदर्शने केली होती. म्हणजे प्रश्न विचारला गेला, उत्तर दिले गेले, आणि लोक उत्तरावर रागावले किंवा हसले. मुलाखतीवरची प्रतिक्रिया म्हणून हे सरळ झाले.

डिसेंबर २०१७ ची मुलाखत या सरळपणाला मुकली. गुजरातमध्ये आपल्या पक्षाला चांगले यश मिळेल, असा विश्वास राहुल गांधींनी तीत व्यक्त केला होता, आणि उद्या ज्याचे मतदान आहे तो नेता याहून वेगळे काय म्हणणार? ‘चौदापेक्षा बरा बोलतो आता’, एवढा शेरा आत्याने दिला आणि शेठनी मान डोलावली. वस्तू व सेवा कर त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाला होता, त्यामुळे व्यापाराविषयी तो काय म्हणाला हे शेठना ऐकायचे होते. परंतु तोवर पडद्यावर मुलाखत राहिली नव्हती, मुलाखतीविषयीची तक्रार आली होती. जे दाखवू नये असे आयोगाने सांगितले, त्याची बातमी होती. आणि त्या बातमीत तीच मुलाखत तुकड्यातुकड्यांनी, कधी आवाजासकट तर कधी आवाज बंद करून, पुन्हा दिसत होती.

खिचडीवर दाण्याचे कूट घालता घालता आत्या म्हणाली, ‘तुमच्या आयोगाचा उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी.’ म्हणीचा असा चपखल वापर मी क्वचितच ऐकला आहे. ती पुढे जे बोलली ते विनोदाच्या भरात असले तरी माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. उपासाला काय चालते, हे प्रत्येक घर आपापले ठरवते. कोणाकडे कोथिंबीर चालते, कोणाकडे जिरेसुद्धा चालत नाही, आणि साबुदाणा तर परदेशातून आलेल्या कंदाचा असूनही सगळ्यांकडे चालतो. आयोगाच्या उपासाचेही तसेच आहे. दूरचित्रवाणी चालत नाही, वर्तमानपत्र चालते, कारण कलम १२६ मध्ये छापील मजकुराचा उल्लेख नाही. सभा चालत नाही, घरोघर जाऊन हात जोडणे चालते. बडोद्यातला उमेदवार बडोद्यात बोलला तर चालत नाही, आणि तोच माणूस दिल्लीत बोलला व ते बडोद्यात दिसले तर चालते की नाही, हे ज्याच्या-त्याच्या घरच्या चालीवर अवलंबून.

मग नातवाने खिशातून फोन काढला. विद्यापीठाच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात मुलाखतीची दीड-दोन मिनिटांची चित्रफीत आली होती आणि त्याने ती खिचडीच्या पातेल्याला फोन टेकवून लावली. आम्ही सगळे पुढे वाकलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, छायाप्रत डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, ‘अरे, तत्सम साधन म्हणजे काय रे?’

‘काका, हा माझा फोन आहे.’

‘फोन तुझा आहे, कबूल. पण बघणारे किती? तू, मी, ते शेठ, ही सगळी मंडळी. लोकांना दाखवणे म्हणतात ते हेच.’

‘मग मी गुन्हेगार?’

‘मी कुठे म्हटलं? कलम म्हणतंय.’

आतेभावाने हसत फोन उलटा ठेवला. मला मात्र काकांचा प्रश्न त्या रात्री फार वेळ सोडेना. ज्या कायद्यात चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी संच शेजारी-शेजारी बसले आहेत, त्याने मनाशी धरलेला प्रेक्षक एका जागी बसलेला असतो आणि त्याच्यापुढचा पडदा कोणीतरी दुसरा चालवत असतो. पातेल्याला टेकवलेला फोन तसा नाही. त्याचा प्रेक्षक आणि त्याचा प्रक्षेपक एकाच घरात राहतात. ‘मतदान क्षेत्र’ ही भूगोलाची कल्पना आहे आणि तिला नकाशा आहे. वाहिनीला असा नकाशा नाही, आणि आमच्यासारख्या घरांत तर याला आणखी एक पदर आहे. बडोद्यातली मराठी माणसे स्थानिक बातम्या गुजरातीत पाहतात आणि रात्री हमखास मुंबईच्या मराठी वाहिन्या लावतात. त्या वाहिन्यांच्या दृष्टीने गुजरात हे शेजारचे राज्य. तिथली शांतता पाळण्याचे भान त्यांच्या संपादकांना असेलही, परंतु त्यांच्या प्रेक्षकांपैकी काही जण त्याच रात्री मतदार आहेत, हे त्यांच्या गणितात येत नसावे. त्या संध्याकाळी गुजराती वाहिनीवर मुलाखत थांबली तेव्हा आत्याने सवयीने मराठी वाहिनी लावली, आणि मुलाखतीचे तुकडे तिथे निवांत चालू होते.

केंद्रावरून वहिनींचा फोन आला तेव्हा आतेभावाने त्यांना सगळी हकीकत सांगितली. ‘इथे टीव्ही नाही आणि मला व्हीव्हीपॅटच्या पावत्यांचा हिशोब लागत नाहीये, मला काय सांगता’, असे म्हणून त्यांनी उद्या सकाळी सासूबाईंना रांगेत उभे राहू देऊ नका, ज्येष्ठांना पुढे घेतात, तेवढे लक्षात ठेवा, अशी सूचना केली. त्या वर्षी गुजरातच्या सगळ्या केंद्रांवर व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची पावती दाखवणारी यंत्रे होती आणि कर्मचाऱ्यांचा जीव त्यातच अडकला होता. मुलाखतीवरच्या सार्वजनिक प्रतिक्रियांची नोंद करताना ही प्रतिक्रियाही धरली पाहिजे, असे मला वाटते.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन घरोघर होते, त्यामुळे आमच्या केंद्रावर सकाळी मराठी बायका कमी आणि अकरानंतर एकदम पुष्कळ, हातात हळदीकुंकवाच्या पिशव्या घेऊन, असे दृश्य होते. दुपारपर्यंत वाहिन्यांवर वेगळेच चित्र झळकू लागले. पंतप्रधान अहमदाबादेत राणीप येथे मत देऊन बाहेर पडले, शाई लावलेले बोट उंचावून दाखवत गर्दीतून चालले, गाडीच्या पायरीवर उभे राहून त्यांनी अभिवादन केले. हा रोड शो आहे, अशी तक्रार काँग्रेसने केली.

संध्याकाळी पुन्हा बैठक भरली, आणि मी वहीत त्या दिवशी दोन रकाने आखले ते मला आजही बोलके वाटतात. बुधवारी आतेभाऊ म्हणाला होता, ‘वेळ पाळायची म्हणजे पाळायची, नियम माहीत नव्हता असं राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षाला म्हणता येणार नाही.’ गुरुवारी तो म्हणाला, ‘माणूस मत द्यायला गेला, लोक जमले, त्यात त्याचा काय दोष?’ नातू बुधवारी म्हणाला होता, ‘प्रश्न पत्रकाराने विचारला, त्याने उत्तर दिलं, यात प्रचार कुठे आला?’ गुरुवारी त्याला पायरीवर उभे राहणे, बोट दाखवणे, गाडीचा वेग या सगळ्यांत प्रचार दिसत होता. बापलेकांनी एका रात्रीत एकमेकांचे युक्तिवाद जसेच्या तसे उचलले होते, आणि दोघांच्याही ते ध्यानात आले नव्हते. काँग्रेसने मांडलेले आणखी दोन मुद्दे नातवाने पुढे केले: भाजपचा जाहीरनामा ८ डिसेंबरला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या मतदानाच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाला होता, आणि १३ डिसेंबरलाच पंतप्रधानांनी दिल्लीत फिक्की या उद्योजकांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण वाहिन्यांवरून गुजरातेतही दिसले होते. आतेभावाला यावर उत्तर सुचले नाही, म्हणून तो ‘तुला अभ्यास नाही का?’ या घरगुती उत्तराकडे वळला.

शेठ तोवर गप्प होते. जाताना चपला घालता घालता म्हणाले, ‘आ तो बधां माटे सरखुं होवुं जोईए.’ हे सगळ्यांना सारखे हवे. दोन दिवसांत पक्ष न धरता उच्चारलेले एवढे एकच वाक्य माझ्या वहीत आहे, आणि ते बोलणाऱ्याने मत कोणाला दिले हे मला आजही ठाऊक नाही.

मुलाखतीने मतदान फिरले का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बडोद्यापुरते बोलायचे तर तसे मानायला काहीच आधार नाही. शहराच्या पाचही जागा २०१२ मध्ये भाजपकडे होत्या, २०१७ मध्येही त्याच पक्षाकडे राहिल्या. त्यांपैकी अकोटा मतदारसंघातून सीमा मोहिले निवडून आल्या, त्याचे आमच्या गल्लीत मराठी म्हणून जास्त कौतुक झाले. राज्यात भाजपला ९९ आणि काँग्रेसला ७७ जागा मिळाल्या. आमच्या खोलीतल्या एकाही माणसाचे मत मुलाखतीमुळे बदलले नव्हते, आणि नोटिशीमुळेही नाही. बदलले ते इतकेच, की एरवी ज्यांनी मुलाखत अर्धवट पाहून झोपायला जायचे, त्यांनी ती नोटिशीनंतर शोधून पाहिली. बंदी घातलेल्या वस्तूविषयीचे हे कुतूहल आयोगाला ठाऊक नसेल असे नाही. पण मतदानाच्या आदल्या सायंकाळी, एका बाजूची तक्रार हाती असताना, गप्प राहणेही त्याला परवडले नसते. घाईत नोटीस काढली हा त्याचा दोष मी मोठा मानत नाही. ज्या कलमावर ती काढली ते कलमच त्या सायंकाळच्या मापाचे नव्हते, आणि हे आयोगाने स्वतःच चार दिवसांत मान्य केले.

१७ डिसेंबरला, मतमोजणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, आयोगाने राहुल गांधींना दिलेली नोटीस मागे घेतली. डिजिटल आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा विस्तार पाहता कलम १२६ आणि आचारसंहितेतील संबंधित तरतुदींचा फेरविचार करायला हवा, असे सांगून त्यासाठी समिती नेमण्याचे त्याने जाहीर केले. उपनिवडणूक आयुक्त उमेश सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीआधी, आयोगाने पक्षांना सूचना दिल्या: अनेक टप्प्यांच्या निवडणुकीत एका भागात शांततेचा काळ चालू असताना दुसरीकडच्या प्रचारात त्या भागातील पक्ष वा उमेदवारांसाठी आडूनही पाठिंबा मागू नये, आणि या काळात मुख्य प्रचारकांनी व नेत्यांनी निवडणूकविषयक पत्रकार परिषदा आणि मुलाखती टाळाव्यात. सूचना चांगल्या आहेत. त्यांना कलमाचे बळ नाही, एवढाच त्यांचा अशक्तपणा.

नोटीस मागे घेतल्याची बातमी आमच्याकडे १८ तारखेच्या सकाळी वर्तमानपत्रात, आतल्या पानावर वाचली गेली. टीव्हीवर तेव्हा आघाड्यांचे आकडे वर-खाली होत होते आणि सगळ्यांचे डोळे तिकडे होते. एकटे काका हिरमुसले. आज सायंकाळी पाच वाजता उत्तर येणार, त्यात ‘मतदान क्षेत्र’ आणि ‘तत्सम साधन’ यांवर काय युक्तिवाद असेल, याची ते चार दिवस वाट पाहत होते. ‘उत्तरच आलं नाही, म्हणजे मुद्दा निकालात निघाला नाही’, ते म्हणाले. ‘निकाल लागतोय की, काका!’ नातू पडद्याकडे बोट दाखवून ओरडला. काकांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. छायाप्रतीची चौघडी करून त्यांनी ती आत्याला दिली आणि ठेवून द्यायला सांगितले.

पुढे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. ५ डिसेंबर २०२२ रोजी बडोद्यात पुन्हा विधानसभेचे मतदान झाले, पंतप्रधानांनी पुन्हा राणीप येथे मत दिले, काँग्रेसने पुन्हा रोड शोची तक्रार केली, आणि आतेभावाने व नातवाने आपापली २०१७ ची वाक्ये, या वेळी गुरुवारच्या रकान्यातली, पुन्हा म्हटली. आत्याने देवघराखालच्या खणातून महालक्ष्मीच्या पोथीखाली ठेवलेली छायाप्रत काढली. कागद घडीवर पिवळा पडला होता.

‘आजी, हे अजून असंच आहे का?’ नातवाने विचारले.

‘मला काय ठाऊक? तुझ्या फोनवर बघ.’

त्याने शोधले, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कागद धरून ओळ ओळ ताडून पाहिली, आणि दोन्ही टेबलावर ठेवले. एका शब्दाचाही फरक नव्हता.